गुरुवारी या

क्वार्टर गेटला माझं दुकान, जिन्याखाली.
दोन मशीन, एक इस्त्री, आणि एक कॅलेंडर
ज्यातले सगळे गुरुवार मी वापरून टाकलेत.

"गुरुवारी या," म्हणतो मी.
गिऱ्हाईक येतं.
काज राहिलीत. बटणवाला पोरगा आला नाही. लाइट गेली होती.
"शनिवारी नक्की."
अशी चाळीस वर्षं. शिंप्याचा शब्द म्हणजे काय,
रास्ता पेठेत कुणालाही विचारा,
आधी हसतील, मग खिशातली पावती दाखवतील.

म्हणून वॉचनाइटला पाळकसाहेबांनी ताट पुढे केलं
की मी मागच्या बाकावरच रेंगाळायचो.
ताटात वचनांच्या सुरळ्या, लाल दोऱ्यानं बांधलेल्या,
घराला एक, वर्षाला एक.
उचलायची सत्वशीला.
घरी येऊन, चपला काढायच्या आधी, मोठ्यानं वाचायची
आणि माझ्या मशीनच्या खणात,
बॉबिनींच्या डब्यात, तळाशी ठेवायची.
"हा काही शिंपी नाही," म्हणायची,
"दिला शब्द पाळेल."
मी हसायचो, आणि सुईत दोरा ओवायचो.

शेवटचं उचललं, ते मात्र मनातच वाचलं.

ऑक्टोबरात तिनं कापड आणलं,
ऐंशी सेंटीमीटर, निळं.
"नाताळाला घालायचाय."
मी म्हणालो, आणखी काय म्हणणार,
"गुरुवारी."
मग दिवाळी, मग लग्नसराई,
मग चर्चमधल्या पोरींचे झालरीचे फ्रॉक.
निळं कापड गठ्ठ्यात खाली खाली जात राहिलं.

सतरा डिसेंबरला, पहाटे,
के.ई.एम.च्या काउंटरवर त्यांनी माझी सही घेतली.
तिथून थेट दुकानात आलो. शटर अर्धं वर.
तिचं माप वहीत नव्हतंच कधी,
हातात होतं.
हूक लावायला वेळ उरला नाही.
पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घातले,
आणि त्या कच्च्या टाक्यांतच तिला
सोलापूर रोडच्या मातीत ठेवली.
मंडळी गात होती.
मला पांढरा दोरा दिसत होता.

नाताळ गेला. सव्वीसला बॉबिन संपली.
डबा पालथा केला तर एकतीस सुरळ्या.
प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं, तिच्या तिरक्या अक्षरात,
"मिळालं, ४ मार्च."
"मिळालं, जून, थोरल्याची फी."
"अर्धं मिळालं."
"अजून नाही. थांबते."
"अजून नाही."
मी डिलिव्हरीची वही ठेवतो, तशी
ही बाई देवाची वही ठेवत होती.

शेवटची सुरळी शेवटच्या दिवसाची,
मातीतून उठवण्याची.
मागे काही लिहिलेलं नव्हतं.
टाचणीनं एक चिंधी टोचलेली, निळी, नखाएवढी.
आम्ही पावतीला टोचतो तशी,
म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की कापड पोचलंय,
माल आपलाच आहे,
कारागिराकडे आहे.

कधी कापली तिनं? मला न सांगता? माझ्याच कात्रीनं?

मला सगळं समजलंय असं नाही.
रात्री घर रिकामं असतं ते असतंच.
एवढंच कळतं की कच्चा टाका खोटा नसतो.
पक्की शिलाई त्याच्याच वाटेनं जाते,
मग तो उसवतात.
आणि त्यानं वार सांगितलेला नाही.
बरं केलं.
वार सांगणाऱ्यांना मी ओळखतो.

एकतीसला ताट आलं. बाकावरून उठलो.
हात बिचकला, पण उचललं.
घरी येऊन चपला न काढता वाचलं, मोठ्यानं,
भिंतीला ऐकू जाईल इतकं.
बाहेर फटाके. कुत्री भुंकत होती.
डबा उघडला, तळाशी ठेवलं.

पाळकसाहेबांची पँट राहिलीय, गेल्या गुरुवारची.
उद्या पहिलं काम तेच.